उंचीचा हिशेब

सायकलवर बसून डोंगर चढताना एक गोष्ट कोणालाही शिकवावी लागत नाही. उंची फुकट मिळत नाही! मोटारीतून घाट चढताना आपण खिडकीबाहेरची झाडे मोजतो. सायकलवर मात्र प्रत्येक मीटरची किंमत मांड्यांना आणि छातीला रोख मोजावी लागते. म्हणूनच भूगोल शिकण्यासाठी सायकलीसारखे दुसरे उपकरण नाही. पाऊण किलोमीटर लांबीचा साधा चढ नकाशावर दिसतसुद्धा नाही, पण पायडलला तो लगेच कळतो.

तर विद्यार्थी मित्रांनो, या वेळी आपण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून एक सायकल-फेरी मारू. या वाटेवर युद्धात लढलेले किल्ले आहेत, दोन मोठे जलाशय आहेत आणि सह्याद्रीचे दाट जंगल आहे. वरवर पाहता या तीन वेगवेगळ्या गोष्टी. पण फेरी संपेपर्यंत तुमच्या ध्यानात येईल, की किल्ला, तळे आणि जंगल या तिघांच्या मागे एकच गोष्ट उभी आहे, ती म्हणजे उंची. किल्ल्याने ती शत्रूविरुद्ध वापरली, धरणाने तिची वीज केली, आणि जंगल तिच्याच आधाराने टिकले. ही उंची कोणी, कशी वापरली आणि तिची किंमत कोणी मोजली, हा हिशेब आपल्याला मांडायचा आहे.

नकाशावरचा आकडा

आधी नकाशा उघडा. साताऱ्यावर पेन्सिल टेकवा. तेथून नैर्ऋत्येला सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघर, पुढे चाळकेवाडीचे पठार आणि तेथून खाली पाटण. पाटणहून पश्चिमेला कोयनानगरपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत. मग कोयनेच्या काठाने कराड. कराडहून शेडगेवाडी, कोकरूड असे करीत सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातले वारणावती, म्हणजे चांदोली धरणाचे गाव. येताना बत्तीस शिराळा, पेठ आणि पुन्हा कराड. शेवटी तळबीड, उंब्रज आणि सातारा.

पेन्सिल उचला आणि पाहा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती तयार झाली, होय ना? वरचे वर्तुळ साताऱ्याचे, खालचे सांगलीचे आणि कंबर कराडची. सगळे मिळून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरेल. पाच दिवस हाताशी असतील तर घाई करावी लागणार नाही.

पायऱ्यांचा डोंगर

सातारा शहराच्या डोक्यावरच अजिंक्यतारा उभा आहे. निघण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहा. डोंगराची बाजू सरळ उतरत नाही. आधी उभा कडा, मग थोडी सपाट जागा, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, असा जिना दिसतो. सह्याद्रीत सगळीकडे असेच का बरे दिसते?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो एकदाच आला नाही, पुन्हा पुन्हा आला. एक थर थंड व्हावा, त्यावर दुसरा पसरावा, असे थरावर थर साचत गेले. आजही हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि कठीण असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. पावसापाण्याने ठिसूळ भाग लवकर झिजतो आणि तेथे सपाटी तयार होते. कठीण भाग थंड होताना त्याला उभ्या भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे त्याचे तुकडे उभेच निखळतात आणि कडा ताठ राहतो. भूशास्त्रज्ञ या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले.

आता किल्ला बांधणाऱ्याच्या नजरेने विचार करा. चारही बाजूंनी ताठ कडा असलेला डोंगर मिळाला, तर तटाचे निम्मे काम निसर्गानेच करून ठेवलेले असते. जेथे कडा तुटला आहे तेवढ्याच जागी भिंत घालायची. पण उंचीची एक मोठी अडचण आहे. नदी खाली असते आणि तहान वर लागते! घागरभर पाणी वर न्यायलाही ऊर्जा खर्च करावी लागते. म्हणून गडावर पडणारा पाऊस गडावरच अडवायचा. घट्ट बेसाल्टमधून पाणी सहसा झिरपत नाही, म्हणून कातळात टाकी खोदली. निघालेला दगड तटाला वापरला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याविषयी जे लिहिले, त्यातही आधी पाणी पाहावे आणि मगच गड बांधावा, असा दंडक आहे.

अजिंक्यताऱ्याचा वेढा

या उंचीची कसोटी १६९९ च्या डिसेंबरात लागली. औरंगजेबाने नोव्हेंबरात कराडजवळचा वसंतगड घेतला आणि मग तो स्वतः साताऱ्याला येऊन बसला. गडाचे किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. खालून तोफा डागायच्या तर गोळ्याची बरीचशी ताकद वर चढण्यातच खर्च होते. उलट वरून नुसता धोंडा लोटला तरी खाली पोचेपर्यंत त्याचा वेग भयंकर वाढतो. गडावरच्या लोकांनी असे धोंडे लोटून वेढा घालणाऱ्यांना हैराण केले.

तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. एप्रिल १७०० मध्ये ते उडवले. पहिल्या स्फोटाने तट आत ढासळला. ढिगाऱ्याखाली सापडलेले प्रयागजी जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या स्फोटात मात्र भलतेच घडले. तट बाहेरच्या बाजूला उडाला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला. सुमारे दोन हजार माणसे त्यात मेली असे त्या काळच्या लेखकांनी नोंदवले आहे. स्फोटातला वायू जिकडे विरोध कमी तिकडे धावतो, हे पदार्थविज्ञानाचे साधे तत्त्व. पण त्या दिवशी ते फार क्रूर रीतीने सिद्ध झाले.

तरीही गड अखेर गेला. मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले होते, गडावरचे धान्य आटत आले होते, आणि एप्रिलमध्ये बोलणी होऊन गड मोगलांच्या हाती दिला गेला. उंची शत्रूला थोपवू शकते, पण ती पोटाला घालू शकत नाही. पुढे मराठ्यांनी गड परत घेतला, आणि १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला.

दीड भाकरीचा चढ

आता पायडल मारायला लागा. शहरातून बोगद्यातून पलीकडे गेलात, की सज्जनगडाचा रस्ता लागतो. डाव्या-उजव्या बाजूचे डोंगर आता तुम्हाला ओळखीचे वाटतील, कारण त्यांचा जिना तुम्ही पाहिला आहे. सज्जनगड म्हणजे परळीचा किल्ला. साताऱ्यानंतर मोगलांचा मुक्काम याच्याच पायथ्याशी पडला आणि १७०० च्या जूनमध्ये तोही पडला. पायथ्याजवळ उरमोडी नदीवरच्या धरणाचे पाणी चमकताना दिसते.

येथून ठोसेघर आणि चाळकेवाडीपर्यंत खरा चढ आहे. आपण हिशेब करू. तुमचे वजन ४८ किलो, सायकल १५ किलो आणि पाठीवरचे सामान २ किलो धरू. एकूण ६५ किलो. साताऱ्यापासून पठारापर्यंत मधले उतार-चढ धरून ५०० मीटर चढायचे आहे असे माना. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची:

६५ × ९.८ × ५०० = ३,१८,५०० ज्यूल.

म्हणजे सुमारे ७६ उष्मांक. एवढेच? थांबा. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच कामात लावू शकतात; उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून तर चढावर घाम येतो. तेव्हा प्रत्यक्षात सुमारे ३०० उष्मांक लागतील. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत २०० च्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे चाळकेवाडीची उंची तुम्हाला दीड भाकरीला पडली! घर्षण आणि वारा यांचा खर्च वेगळा.

येथे कोणी म्हणेल, माझ्या सायकलला गिअर आहेत, मला कमी लागेल. तसे होत नाही. गिअरमुळे पायाला कमी जोर लावावा लागतो, पण पायडल जास्त वेळा फिरवावे लागते. एकूण काम तेवढेच राहते. घाटाचा रस्ता वळणे घेत जातो तोही याचसाठी. शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर, अशा बेताच्या चढाने ५०० मीटर उंची गाठायला १० किलोमीटर रस्ता लागतो. काम कमी झाले नाही, फक्त हप्त्याहप्त्याने फेडता आले. बिनगिअरची सायकल असेल आणि दम लागला, तर खुशाल उतरून ढकलत न्या. त्यात कमीपणा काही नाही.

सड्यावरचे पाहुणे

वर पोचलात, की एकदम सपाट माळ लागतो. याला इकडे सडा म्हणतात. पायाखालचा दगडही बदललेला दिसेल. काळ्याऐवजी तांबूस, भोकाभोकांचा. हा जांभा. लाखो वर्षे पावसाने बेसाल्टमधली विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, तोच हा खडक. त्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर. पावसाळ्यात पाणी साचून चिखल, आणि उन्हाळ्यात तापून तवा.

अशा ठिकाणी काय उगवणार, असे वाटेल. पण पाऊस सरता सरता या सड्यांवर फुलांचे गालिचे पसरतात. साताऱ्याजवळचे कास पठार याचसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम घाटातील निवडक स्थळांबरोबर त्याला २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. येथल्या वनस्पतींनी गरिबीत जगण्याच्या युक्त्या शोधल्या आहेत. मातीत नायट्रोजन नाही, म्हणून दवबिंदू नावाची वनस्पती चिकट केसांनी किडे पकडून खाते. वायतुरा उन्हाळाभर कंदाच्या रूपाने जमिनीत दडून राहतो आणि पाऊस पडला की वर येतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’. त्यात तुमच्या साताऱ्याचे नाव आहे, बरे का! म्हणून सायकल रस्त्यावरच ठेवा. बोटभर मातीवर एकदा चाक फिरले, की ती माती पुन्हा जमायला किती वर्षे लागतील याचा विचार करा.

सड्यावर आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे वारा. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीला आपटून वर चढतात आणि माथ्यावरून वेगाने वाहतात. म्हणून चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातून मिळू शकणारी शक्ती आठपट होते; म्हणूनच उंच माथ्याला एवढे महत्त्व. पुढे सडावाघापूरजवळ याच वाऱ्याची मौज दिसते. भर पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी वारा उलट वर फेकतो. लोक त्याला ‘उलटा धबधबा’ म्हणतात. मात्र पाहायला सायकलने जाऊ नका. धुके आणि वारा यांत कड्याजवळचा रस्ता धोक्याचा असतो.

एक लिटर उकळते पाणी

पठारावरून पाटणकडे उतरताना पायडल मारावेच लागत नाही. दीड भाकरीची पुंजी आता परत मिळणार! पण ती मिळते कशी? तुमच्याजवळ साठलेली स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलू लागते. ब्रेक लावला नाही तर वेग वाढतच जातो. ब्रेक लावला, तर तीच ऊर्जा रबर आणि रिम यांच्या घर्षणातून उष्णता होते. किती उष्णता? आपण चढताना काढलेले ७६ उष्मांक आठवा. एवढ्या उष्णतेने २४ अंशांचे एक लिटर पाणी उकळू लागेल!

त्यातली काही वारा घेऊन जातो हे खरे. तरीही लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते, रबर मऊ पडते आणि ऐन वळणावर पकड जाते. म्हणून ब्रेक दोन्ही चाकांना, थांबून थांबून लावा. मध्ये दोनदा उतरून रिम थंड होऊ द्या. ब्रेकचे रबर झिजलेले असेल तर ते साताऱ्यातच बदला. पाटणला पोचल्यावर ते सुचून उपयोग नाही.

पाटणजवळच दातेगड आहे. त्याला सुंदरगड असेही म्हणतात. या छोट्या गडावर कातळात खोल खोदलेली, तलवारीच्या आकाराची विहीर आहे आणि तिच्यात उतरायला पायऱ्या आहेत. उंचीवर पाणी साठवायचे म्हणजे काय करावे लागे, ते येथे डोळ्यांनी दिसते.

पाण्याची उंची

पाटणहून कोयनानगरला जाताना कोयना तुमच्या सोबतीला असते. ही नदी महाबळेश्वरला उगम पावून आधी सरळ दक्षिणेला वाहते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेकडे वळते. या वळणाच्या वर, देशमुखवाडीजवळ, १०३ मीटर उंचीचे कोयना धरण आहे. मागे पसरलेला शिवसागर जलाशय १०५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठवतो.

पण या प्रकल्पाची खरी करामत धरणात नाही, डोंगरापलीकडे आहे. सह्याद्री पूर्वेला हळूहळू उतरतो आणि पश्चिमेला कोकणात एकदम कोसळतो. अभियंत्यांनी ठरवले, पाणी पूर्वेला वाहू देण्याऐवजी त्यातले काही डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचे आणि पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचे. हिशेब तोच, आपण भाकरीसाठी केला तो! घराच्या गच्चीवरच्या टाकीएवढे १००० लिटर पाणी ४७५ मीटर खाली आले, तर १००० × ९.८ × ४७५, म्हणजे सुमारे ४६ लाख ५५ हजार ज्यूल मिळतात. विजेच्या भाषेत जवळजवळ १.३ युनिट. आणि तुमचा चाळकेवाडीचा चढ? युनिटाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. ९ वॅटचा दिवा त्यावर दहा तासही जळणार नाही! बटण दाबताना हे आठवावे. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला, ते ‘लेक टॅपिंग’ १३ मार्च १९९९ रोजी झाले आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी.

आता हिशेबाची दुसरी बाजू. या जलाशयासाठी सुमारे शंभर गावांची घरे वा जमिनी गेल्या. नदीकाठची भाताची खाचरे, देवळे, पाणवठे तळाशी गेले. माणसे कोकणात, सोलापूर-सांगलीकडे, अनोळखी मातीत जाऊन राहिली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला. आपल्या घरी लागलेल्या दिव्याची किंमत वीजबिलात सगळीच्या सगळी लिहिलेली नसते.

आणि १९६७ साली आणखी एक किंमत मोजावी लागली. ११ डिसेंबरच्या पहाटे ६.३ क्षमतेच्या भूकंपाने कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले, पण ते फुटले नाही. नंतर ते मजबूत करण्यात आले. जलाशय भरू लागल्यानंतर, १९६२ पासून, या भागात लहान धक्के वाढले होते. जलाशयामुळे निमित्त मिळालेल्या भूकंपांत हा जगातला सर्वांत मोठा ज्ञात भूकंप मानला जातो.

पाण्यामुळे भूकंप कसा होईल? सायकलच्या ब्रेकचेच उदाहरण घ्या. रबर रिमवर दाबलेले असते तोवर चाक धरून राहते. दाब सैल झाला की चाक सरकते. खोल खडकात जुन्या भेगा असतात. दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर दाबलेले असतात आणि त्यांच्यात ताण साठलेला असतो. जलाशयातले पाणी खोल झिरपून भेगांतल्या पाण्याचा दाब वाढवते. तो दाब दोन्ही बाजूंना किंचित दूर लोटतो, पकड सैल होते आणि खडक सरकतो. म्हणजे ताण धरणाने निर्माण केला नाही. तो आधीच होता. धरणाने ब्रेक सैल केला, एवढेच.

याचा अभ्यास आजही चालू आहे. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी कोयना खोऱ्यात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर खोदले. ते काम २०१७ मध्ये पुरे झाले. त्यात वरचे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टचे थर लागले आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटचा पाया. तुम्ही चढलेला जिना जमिनीखालीही तितकाच मोठा आहे!

वारणेचे जंगल

कोयनानगरहून परत फिरून कराडला या. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात; हाच प्रीतिसंगम. वाटेत एक बदल तुम्ही टिपला असेल. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. साठेक किलोमीटरवरच्या कराडला तो हजाराच्या आतच असतो. ढग डोंगर चढताना थंड होतात आणि पाणी पश्चिमेलाच टाकून देतात. भाताच्या जागी ऊस आणि ज्वारी दिसू लागतात.

आता आठच्या खालच्या वर्तुळात शिरू. कोकरूडपासून पश्चिमेला जावे तसतसे रान पुन्हा हिरवे होत जाते आणि शेवटी वारणावती येते. वारणा नदीवरच्या या मातीच्या धरणामागे वसंतसागर जलाशय आहे. साठा ३४ अब्ज घनफुटांहून अधिक. त्यापलीकडे चांदोलीचे जंगल. १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गवे, सांबर, अस्वले, बिबटे आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू येथे राहतात. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीणही येथे आणण्यात आली.

एवढे जंगल येथेच का टिकले? उंची आणि उतार यांचे उत्तर पुन्हा पुढे येते. उभ्या उतारावर नांगर चालत नाही, पाऊस प्रचंड, रस्ते कठीण. जंगलाच्या पश्चिम टोकाला प्रचितगड उभा आहे. एके काळी घाटवाटांवर पहारा करणारा हा गड आता रानाने वेढला आहे. आणि जंगल जलाशयाला काय देते? अंजन, जांभूळ, हिरडा यांची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. जंगल तुटले तर तीच माती पावसाबरोबर वाहून जलाशयात बसेल, आणि गाळ जितका वाढेल तितकी पाण्याची जागा कमी होईल. धरण भिंतीवर उभे असते, पण त्याचे आयुष्य झाडांवर अवलंबून असते. मात्र येथेही विसरू नका, की धरणासाठी आणि वन्यजीवांसाठी काही गावांना उठावे लागले आहे.

एक सूचना. संरक्षित जंगलात सायकल नेता येत नाही. आत जायचे तर वन खात्याची परवानगी घ्या आणि त्यांच्या वाहनातून, त्यांच्या माणसाबरोबरच जा. १९९३ पासून वारणेच्या परिसरातही भूकंपाचे धक्के नोंदले जात आहेत. म्हणून शास्त्रज्ञ या साऱ्या पट्ट्याला कोयना-वारणा क्षेत्र म्हणतात. आपल्या आठच्या आकड्यातली दोन्ही वर्तुळे जमिनीखालीही जोडलेली आहेत!

परतताना नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेले बत्तीस शिराळा लागेल. कराडकडे येताना वाळवे तालुक्यातला मच्छिंद्रगड पाहता येईल. सपाट उसाच्या शेतांमध्ये एकट्याच उभ्या राहिलेल्या या टेकडीवरून कृष्णेचे खोरे दूरवर दिसते. उंची थोडी असली तरी भोवताल सपाट असेल तर ती पुरते. कराडच्या पुढे तळबीडला सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे गाव आणि त्यावरचा वसंतगड. त्यांचीच कन्या ताराबाई; राजाराम महाराजांनंतर औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली ती त्यांनी.

निघण्यापूर्वी

सोबत मोठी माणसे किंवा शिक्षक असू द्या. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. डोक्यावर शिरस्त्राण, पंप, पंक्चरचे सामान, जादा ट्यूब आणि भरपूर पाणी घ्या. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठा. पुणे-बंगळूर महामार्गावरून जाण्याऐवजी बाजूचा सेवारस्ता धरा.

आणि एक वही घ्या. चाकाच्या झडपेला खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर मोजा. मोठ्या सायकलचा तो साधारण २ मीटर भरतो. ठरावीक अंतरात किती फेरे झाले ते मोजले, की रस्त्याची लांबी कळते. कोनमापकाला दोरी आणि दगड बांधून चढाचा कोन मोजा. मग प्रत्येक चढापुढे दोन रकाने आखा. एकात लिहा, ही उंची कोणी वापरली? गडाने, पवनचक्कीने, धरणाने की जंगलाने? दुसऱ्यात लिहा, तिची किंमत कोणी मोजली?

पहिला रकाना लवकर भरेल. दुसऱ्यासाठी मात्र थांबावे लागेल, सायकलवरून उतरावे लागेल, वाटेतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागेल. त्यांतले कोणी तुम्हाला पाण्याखाली गेलेल्या गावाचे नाव सांगेल, कोणी १९६७ ची पहाट सांगेल. ते वहीत लिहून घ्या. ही माहिती चढाच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे.